अंगवळणी

रायपूरचा तात्यापारा असो की पुण्याची सदाशिव पेठ, नवे काम शिकणाऱ्याला घरातील वडीलधारी माणसे एकच धीर देतात : 'करीत राहा, अंगवळणी पडेल.' मराठी भाषेने सवयीचे घर असे अंगातच मानले. विज्ञानाला तेथवर पोहोचण्यास मात्र बराच काळ लागला.

पाय काट्यावर पडताच तो झटकन वर उचलला जातो. वेदना जाणवते ती मागाहून. हे काम मज्जारज्जूचे होय. इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली आपल्या ग्रंथात अशा प्रतिक्षिप्त क्रियांची संगती लावून दाखविली. तथापि, मज्जारज्जू हा मेंदूचा केवळ निरोप्या, शिकणे हे त्याचे काम नव्हे, हा समज पुढेही दीर्घकाळ टिकला.

१९८३ साली अमेरिकेत जोनाथन वोल्पॉ यांनी त्या समजाला धक्का दिला. स्नायू अकस्मात ताणला असता त्याची जी प्रतिक्रिया उमटते, ती माकडाने कमी किंवा अधिक केली की त्याला बक्षीस मिळे. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि प्रतिक्रिया हवी तशी बदलली. पुढील प्रयोगांत मेंदूशी असलेला संबंध तोडल्यावरही हा बदल मज्जारज्जूत शिल्लक असल्याचे दिसले. मेंदू गुरू खरा. परंतु धडा शिष्यानेही जपला होता. १९९३ साली डेन्मार्कच्या शाही बॅले नर्तकांच्या पोटरीची प्रतिक्रिया तपासली गेली, तेव्हा ती कसलेल्या खेळाडूंपेक्षाही क्षीण आढळली. वर्षानुवर्षांची साधना जणू रज्जूत उतरली होती.

मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्या मनुष्याच्या पायात हीच प्रतिक्रिया पुष्कळदा अनावर होते. पोटरी ताठरते, पाऊल अडखळते. २०१३ साली आयको थॉम्पसन व वोल्पॉ यांनी अशा ९ जणांना ती आवरण्याचे शिक्षण ३० बैठकींत दिले. ६ जणांना ते साधले आणि त्यांची चाल अधिक जलद व समतोल झाली. तिघांना साधले नाही, हेही विसरू नये.

तुटलेला रज्जू अशा शिक्षणाने सांधला जात नाही. जेथे काही धागे शाबूत आहेत, तेथेच त्याला वाव आहे. पण पावलापावलाला अडणाऱ्या मनुष्याला तेवढा वावही मोठा असतो. 'अंगवळणी पडेल' हा धीर मग नुसता धीर राहत नाही. तो उपचाराचा मार्ग ठरतो.