काझी आणि घराचा उंबरठा

अकोटच्या वर नरनाळ्याचा किल्ला. अकबराच्या काळातील वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये नरनाळ्याचे नाव येते. मोगली राज्यव्यवस्थेत परगण्याच्या काझीकडे केवळ निकाह लावण्याचे काम नसे. वारसाहक्काचा वाद, गहाणखत, विधवेचा मेहर, शिक्क्याची साक्ष या साऱ्यांत त्याचा शब्द चाले. धर्मशास्त्र जाणणारा तो आलिम होता आणि राज्यकर्त्याने नेमलेला न्यायाधीशही होता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि न्याय हळूहळू कचेरीत, वकिलांच्या आणि मुद्रांकाच्या कागदांत गेला. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी झालेल्या १८८० च्या काझी कायद्याने सरकारला काझी नेमण्याची मुभा दिली, पण या नेमणुकीने कोणताही न्यायिक वा प्रशासकीय अधिकार मिळत नाही, असेही त्यातच लिहून ठेवले. पद उरले, पण निवाडा करण्याचा अधिकार गेला. वऱ्हाडात अनेक घराण्यांकडे तर आडनावच काय ते उरले.

हेच आडनाव लावणारे वऱ्हाडचे एक वकील संविधान सभेत होते: काझी सय्यद करीमुद्दीन. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या वाट्याला आलेल्या १७ जागांपैकी मुस्लिमांसाठी एकच होती, आणि ती त्यांच्याकडे होती. ते मुस्लिम लीगचे. फाळणीनंतर लीगच्या सभासदाने दिल्लीत उभे राहून बोलणे किती अवघड झाले असेल, हे आज सहज लक्षात येत नाही. त्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी केली. ती मान्य झाली नाही. पण माझ्या मते त्यांचे खरे काम ३ डिसेंबर १९४८ चे. त्या दिवशी मसुद्याच्या चौदाव्या अनुच्छेदावर त्यांनी ५१२ क्रमांकाची दुरुस्ती मांडली. माणसाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होऊ नये, आणि शपथेवर सांगितलेल्या सबळ कारणाखेरीज वॉरंट निघू नये, अशी ती होती. माझे म्हणणे एवढेच की जुन्या काझीकडून राज्याने जो प्रश्न काढून घेतला होता, म्हणजे सत्तेने रयतेच्या उंबरठ्याआत कुठवर यावे, तोच प्रश्न या आधुनिक काझींनी वकिलाच्या भाषेत पुन्हा सभेपुढे आणला.

यावर पहिला आक्षेप असा की आडनावावरून एवढा अर्थ काढणे म्हणजे कल्पनाविलास. हे मला अंशतः पटते. करीमुद्दीन यांचा व्यवसाय वकिली होता, मदरशातील अध्यापन नव्हे, आणि त्यांच्या दुरुस्तीचे शब्द अमेरिकन संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीतून आले आहेत. पण शब्द उसने असले म्हणून प्रश्न परका ठरत नाही. परवानगी घेतल्याखेरीज कोणाच्या घरात शिरू नये आणि दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हुडकत बसू नये, ही शिकवण कुराणात स्पष्ट आहे. इस्लामी धर्मशास्त्र शिकलेल्या कोणत्याही काझीला ती ठाऊक असणार. शिवाय १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर ठेवण्याची अट होतीच. खेड्यातल्या माणसाला पंचनामा हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. पोलीस दारात उभा राहिला की शेजाऱ्याने साक्षीला यावे, ही अपेक्षा त्याला पुरती समजते. करीमुद्दीन यांनी हीच गोष्ट विधिमंडळाच्या मर्जीपलीकडे, संविधानात नेऊ पाहिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही लीगच्या माणसाची जातीय धास्ती होती, फाळणीनंतर झडत्या ज्यांच्या घरी होत त्यांचीच ती बाजू होती, असे म्हणता येईल. धास्ती असेलही. पण दुरुस्तीत मुसलमान हा शब्द नाही. हक्क सर्व लोकांचा आहे. आणि निर्णायक पुरावा डॉ. आंबेडकरांचा. मार्च १९४७ मध्ये त्यांनी दिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात जवळजवळ हेच कलम होते. पुढे सल्लागार समितीत ते टिकले नाही. म्हणून करीमुद्दीन यांनी ते मांडताच बाबासाहेबांनी स्वीकारण्याची तयारी दाखवली. तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण उद्याचे विधिमंडळ ती काढू शकते, म्हणून ती विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर असावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. महाडच्या सत्याग्रहाचा नेता आणि लीगचा सभासद एकाच कलमावर एकत्र आले, याला जातीय म्हणणे मला अशक्य वाटते. अल्पसंख्याकाला जे आधी बोचते ते उद्या सर्वांनाच बोचणार असते, आणि हे दोघांनीही पाहिले.

तरीही मतदान लांबले आणि पुढे दुरुस्ती फेटाळली गेली. याचा परिणाम दीर्घ झाला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखी खाजगीपणाची हमी आपल्या संविधानात नाही. त्यामुळे तिसरा आक्षेप येतो: सभेनेच नाकारले, तर करीमुद्दीन यांचे काय शिल्लक राहिले? हाच युक्तिवाद खाजगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यातही सरकारतर्फे झाला. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि १९५४ चे ते मत तेवढ्यापुरते रद्द केले. निकालपत्रात करीमुद्दीन यांची दुरुस्ती आणि आंबेडकरांचे उत्तर यांची चर्चा आहे. ती दुरुस्ती फेटाळली गेली, एवढ्यावरून संविधान खाजगीपणाला परके ठरते, हे न्यायालयाने मानले नाही.