पित्याची साक्ष आणि पुत्राचा खटला

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक घरांतून कोणी ना कोणी परमुलखात गेलेले आहे. कोणाचा मुलगा आखातात नोकरीला आहे, कोणाची मुलगी शहरातल्या वसतिगृहात राहून शिकते, कोणाचा भाचा विलायतेला गेला आहे. त्याचा फोन आला की सारे घर भोवती गोळा होते. २००९ साली नायजेरियातील एका प्रतिष्ठित घरीही परमुलखातल्या मुलाचा असाच निरोप आला. पण तो ऐकून पित्याच्या पायाखालची जमीन सरकली. येमेनमध्ये गेलेल्या मुलाने, आता आपला घराशी संबंध राहणार नाही, असे कळवले होते. त्या पित्याने पुढे काय केले, मुलाच्या हातून काय घडले आणि न्यायालयाने त्याचा निवाडा कसा केला, याची ही हकीगत आहे. ती दूरदेशीची असली तरी तिच्यात आपल्यापैकी कोणालाही पडू शकेल असा एक प्रश्न आहे, म्हणून ती शांतपणे वाचावी अशी विनंती आहे.

या पित्याचे नाव अल्हाजी उमारू मुतल्लब. उत्तर नायजेरियातील कात्सिना राज्याचे हे गृहस्थ एकेकाळी देशाचे मंत्री होते, पुढे फर्स्ट बँक ऑफ नायजेरिया या मोठ्या बँकेचे अध्यक्ष झाले. बिनव्याजी तत्त्वावर चालणारी जाईझ बँक उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. म्हणजे दीन आणि दुनिया दोन्ही सांभाळणारा हा माणूस. त्यांचा मुलगा उमर फारूक याचा जन्म २२ डिसेंबर १९८६ चा. टोगो देशातील लोमे येथील ब्रिटिश शाळेत त्याचे शिक्षण झाले आणि २००५ मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाला. तेथे विद्यार्थ्यांच्या इस्लामिक सोसायटीचा तो एक वर्ष अध्यक्षही होता. २००८ मध्ये पदवी घेऊन पुढल्या वर्षी तो दुबईला उच्च शिक्षणासाठी गेला आणि ऑगस्ट २००९ मध्ये अरबी भाषा शिकण्याच्या निमित्ताने येमेनची राजधानी सना येथे पोहोचला.

येथवरची कहाणी ऐकून कोणत्याही आईबापाची छाती अभिमानाने भरून येईल. पैसा होता, उत्तम शाळा होती, नमाज-रोज्याची आवड होती, नावाजलेल्या विद्यापीठाची पदवी होती. मात्र किशोरवयात त्याने लिहिलेल्या मजकुरात एकाकीपणाची आणि मन मोकळे करायला कोणी नसल्याची खंत होती, असे पुढे वृत्तपत्रांनी छापले. ती खंत त्या वेळी घरच्यांच्या कानापर्यंत पोहोचली असती तर काय झाले असते, हे आज कोणी सांगू शकत नाही. एवढे खरे, की येमेनमध्ये ती जागा भरून काढणारे लोक त्याला भेटले. अन्वर अल-अवलाकी या प्रचारकाच्या नादी तो लागला आणि तेथल्या अल-कायदाच्या शाखेने त्याला आत्मघातकी कामासाठी तयार केले.

पित्याला यातले सारे ठाऊक नव्हते, पण मुलाचे बोलणे आणि वागणे यांवरून त्याने धोका ओळखला. प्रथम त्याने आपल्या देशातील सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट घातली. नंतर नोव्हेंबर २००९ च्या तिसऱ्या आठवड्यात तो अबुजा येथील अमेरिकन वकिलातीत गेला आणि आपला मुलगा येमेनमध्ये अतिरेकी लोकांच्या संगतीत सापडला असावा, अशी भीती त्याने तेथील अधिकाऱ्यांपुढे बोलून दाखवली. वाचकहो, या एका वाक्यामागे त्या बापाच्या किती रात्री गेल्या असतील याचा विचार करा. समाजात नाव आहे, घराण्याची अब्रू आहे, आणि आपल्याच हाताने आपल्या मुलाचे नाव परक्या सरकारच्या दफ्तरात लिहून द्यायचे आहे! कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष देताना आपले आईबाप किंवा नातलग यांचीही भीड धरू नये, असा आदेश आहे. तो आदेश वाचणे सोपे आहे. तो पाळण्याची वेळ या माणसावर आली आणि त्याने तो पाळला.

दुर्दैव असे, की ज्यांना त्याने सांगितले त्यांनी ते पुरते ऐकले नाही. उमर फारूकचे नाव संशयितांच्या एका मोठ्या यादीत टाकले गेले. त्या यादीत साडेपाच लाखांच्या आसपास नावे होती. पण ज्यांना विमानात चढू द्यायचे नाही अशांच्या छोट्या यादीत ते गेले नाही. इतकेच नव्हे, तर तपासणी करताना नावाचे स्पेलिंग चुकले, आणि जून २००८ मध्ये लंडन येथे त्याला दिलेला अमेरिकेचा व्हिसा अजून चालू आहे, हे वेळीच ध्यानात आले नाही. पुढे अमेरिकन सिनेटच्या समितीने मे २०१० मध्ये दिलेल्या अहवालात निरनिराळ्या खात्यांच्या चौदा चुका मोजून दाखवल्या. बापाने जिवावर दगड ठेवून दिलेली खबर कागदांच्या ढिगात पडून राहिली.

शुक्रवार, २५ डिसेंबर २००९, नाताळचा दिवस. उमर फारूक घानाहून निघून लागोस आणि ॲमस्टरडॅममार्गे नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या २५३ क्रमांकाच्या उड्डाणाने अमेरिकेतील डेट्रॉईटकडे चालला होता. विमानात २७९ प्रवासी आणि ११ कर्मचारी होते. स्फोटक पदार्थ त्याने आतल्या कपड्यांत शिवून घेतला होता. विमान उतरण्याच्या सुमारास तो बराच वेळ स्वच्छतागृहात जाऊन आला, अंगावर पांघरूण घेतले आणि सुईच्या नळीतले रसायन स्फोटकात सोडले. फटाका फुटावा तसा आवाज झाला, पण स्फोट झाला नाही. त्याच्या कपड्यांना आणि विमानाच्या भिंतीला आग लागली. शेजारच्या प्रवाशांनी झेप घालून त्याला धरले, कर्मचाऱ्यांनी आग विझवली आणि विमान सुखरूप उतरले. त्या विमानात लहान मुले होती, म्हातारी माणसे होती. त्यांतल्या कोणाशीही या तरुणाचे काही वैर नव्हते.

आता खटल्याकडे वळू. भाजलेल्या स्थितीत त्याला मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात नेले. ज्याने तीनशे माणसे मारायला काढली होती त्याच्यावर तेथल्या डॉक्टरांनी इतर रुग्णांसारखेच उपचार केले. दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात त्याच्यासमोर न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवले. ६ जानेवारी २०१० रोजी सहा कलमांचे आरोपपत्र दाखल झाले आणि डिसेंबरमध्ये कलमांची संख्या आठ झाली. विमान उडवून देण्याचा प्रयत्न, खुनाचा प्रयत्न, सामूहिक संहाराचे साधन वापरण्याचा प्रयत्न आणि दहशतवादाचा कट, असे ते आरोप होते.

त्या वेळी अमेरिकेत मोठा वाद माजला. याला वकील कशाला, गप्प राहण्याचा हक्क कशाला, लष्कराच्या ताब्यात द्या, असे अनेक पुढारी म्हणू लागले. पण खटला साध्या दिवाणी-फौजदारी न्यायव्यवस्थेतच चालला. डेट्रॉईटच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश नॅन्सी एडमंड्स या महिला न्यायाधीशांपुढे त्याची सुनावणी झाली. त्याला सरकारी खर्चाने वकील दिले होते. सप्टेंबर २०१० मध्ये त्याने ते काढून टाकले आणि स्वतःची बाजू स्वतः मांडण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती दिली, पण सल्ल्यासाठी एक वकील त्याच्या शेजारी ठेवला. रुग्णालयात दिलेली पहिली जबानी पुराव्यात घेऊ नये, असा त्याचा अर्ज होता, कारण हक्क समजावून सांगण्याआधीच ती घेतली होती. आणखी बॉम्ब असतील तर लोकांचा जीव वाचवणे आधी आवश्यक होते, असे कारण देऊन न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. मात्र तो ऐकून, विचारात घेऊन, मग फेटाळला.

या खटल्यात घरच्या माणसांचा आणखी एक भाग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. पहिल्या जबानीनंतर उमर फारूकने बोलणे बंद केले होते. जानेवारी २०१० मध्ये तपास अधिकारी नायजेरियाला गेले आणि त्याच्या दोन नातलगांना घेऊन आले. त्यांनी समजूत घातल्यावर तो पुन्हा बोलू लागला आणि येमेनमधील कटाची बरीच माहिती बाहेर आली. धाकदपटशाने जे मिळाले नसते ते आपल्या माणसांच्या शब्दाने मिळाले.

ऑक्टोबर २०११ मध्ये पंच निवडण्यास सुरुवात झाली. अल-अवलाकी नुकताच ३० सप्टेंबरला येमेनमध्ये मारला गेला होता. तो जिवंत आहे, असे उमर फारूक न्यायालयात ओरडला. ११ ऑक्टोबरला सरकारी वकिलांनी आपले म्हणणे मांडले आणि विमानातील एका प्रवाशाची साक्ष झाली. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, आरोपीने अचानक आठही कलमांखाली गुन्हा कबूल केला. अमेरिकेच्या कायद्याने मी दोषी आहे, पण धर्माने नाही, अशी त्याची कैफियत होती.

१६ फेब्रुवारी २०१२ रोजी शिक्षेची सुनावणी झाली. विमानातील काही लोकांनी पुढे येऊन सांगितले, की त्या दिवसापासून आमची झोप उडाली आहे, प्रवासाची भीती बसली आहे. कोणी मेले नाही, मग जन्मठेप फार कठोर आहे, असा युक्तिवाद सल्लागार वकिलाने केला. आरोपीने मात्र पश्चात्तापाचा एक शब्दही काढला नाही. न्यायाधीशांनी त्याला चार जन्मठेपा, त्यांवर ५० वर्षे, आणि सर्व शिक्षा एकामागून एक भोगायच्या, असा निकाल दिला. तेथल्या संघीय कायद्यात पॅरोल नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे २५ होते. त्याला कोलोरॅडो राज्यातील फ्लोरेन्सच्या कडेकोट तुरुंगात ठेवण्यात आले. त्याचे अपीलही १३ जानेवारी २०१४ रोजी वरिष्ठ न्यायालयाने फेटाळले.

पालकबंधूंनो आणि भगिनींनो, या निकालावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की न्यायालयात एका माणसावर खटला चालला, त्याच्या कृत्यांवर चालला. त्याचा देश, त्याची जमात, त्याचा बाप आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते. अशा घटना घडल्या की आपल्याकडे बघण्याची लोकांची नजर बदलते आणि आपणही मान खाली घालतो, हा आपला अनुभव आहे. परंतु धर्माच्या नावावर गुन्हा करणारा जसा मुसलमान होता, तसा तो गुन्हा घडण्याआधी उठून सांगणाराही मुसलमानच होता. दुसऱ्याचे नाव जगाने फारसे लक्षात ठेवले नाही. निदान आपण ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. बापाने सांगूनही शेवटी मुलगा जन्माचा तुरुंगात गेला, मग सांगून काय मिळाले, असे कोणी विचारील. उत्तर असे, की त्याचे ऐकले असते तर त्याचा मुलगा त्या विमानात चढलाच नसता आणि कदाचित त्याचे आयुष्यही वाचले असते. त्या पित्याने मुलाविरुद्ध साक्ष दिली असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ती मुलाला वाचवण्याची शेवटची धडपड होती. घराची अब्रू झाकण्यासाठी गप्प बसणारा बाप मुलाचेही भले करीत नाही आणि परक्यांचेही नाही.

म्हणून मुलाचा फोन आला की केवळ गुण आणि पगार विचारू नका. तो कोणाबरोबर जेवतो, कोणाचे भाषण ऐकतो, रात्री एकटा असतो का, हेही विचारा; आणि उत्तर ऐकताना रागावू नका, नाहीतर पुढल्या वेळी तो सांगणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एकच सांगणे आहे. जो माणूस तुम्हाला आईबापांपासून तोडून पुण्याची वाट दाखवतो, त्याच्या हातात हात देण्याआधी घरी एकदा विचारा. फारूक या शब्दाचा अर्थ सत्य आणि असत्य यांत फरक करणारा. हजरत उमर यांना ही पदवी शोभली, कारण त्यांचा न्याय आप्त आणि परके यांत भेद करीत नसे. त्या नावाची लाज नायजेरियातील त्या घरात मुलाने राखली नाही, ती बापाने राखली.