कार्टर, जिमी

(१ ऑक्टोबर १९२४–२९ डिसेंबर २०२४). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ३९ वा राष्ट्राध्यक्ष (१९७७–८१). तत्पूर्वी नौदल अधिकारी, व्यापारी आणि जॉर्जिया राज्याच्या सीनेटचा सदस्य. पूर्ण नाव जेम्स अर्ल कार्टर. जन्म जॉर्जियातील प्लेन्स या गावी. वडील शेतकरी व दुकानदार. आई लिलियन परिचारिका होती. पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवक संघटनेमार्फत तिने १९६६–६८ मध्ये मुंबईतील विक्रोळी येथे आरोग्यसेवा केली.

अनॅपोलिस येथील नाविक अकादमीतून कार्टर १९४६ मध्ये पदवीधर झाला. त्याच वर्षी रोझॅलिन स्मिथ हिच्याशी त्याचा विवाह झाला. १९४८ नंतर त्याने पाणबुड्यांवर काम केले आणि १९५२ मध्ये हायमन रिकोव्हरच्या हाताखालील अणुपाणबुडी-प्रकल्पात त्याची निवड झाली. वडिलांच्या निधनामुळे १९५३ मध्ये त्याने सक्रिय सेवा सोडली. तथापि १९६१ पर्यंत तो राखीव नौदलात लेफ्टनंट होता.

प्लेन्सला परतल्यावर त्याने भुईमुगाचे बियाणे, खते व गुदामे यांचा कौटुंबिक व्यवसाय हाती घेतला. आरंभी दुष्काळामुळे उत्पन्न अत्यल्प होते. पुढे व्यवसाय भरभराटीस आला. वंशविभक्ततेचा पुरस्कार करणाऱ्या गोऱ्यांच्या नागरिक मंडळात सामील होण्यास त्याने नकार दिल्यामुळे त्याच्या व्यापारावर काही काळ बहिष्कार पडला.

जॉर्जियात लोकसंख्येचा विचार न करता लहान कौंट्यांना झुकते माप देणारी निवडणूक-पद्धती रूढ होती. न्यायालयीन निर्णयांमुळे १९६२ मध्ये ती मोडली व सीनेटच्या मतदारसंघांची फेररचना झाली. या संधीचा लाभ घेऊन कार्टरने डेमॉक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढविली. प्रतिस्पर्धी होमर मूर त्याच्यापेक्षा १३९ मतांनी पुढे राहिला. मात्र क्विटमन कौंटीतील जॉर्जटाउन येथे हर्स्ट या स्थानिक पुढाऱ्याच्या देखरेखीखाली उघड गैरप्रकार झाले होते. तेथे ३३३ मतदारांनी मतदान केले असता पेटीत ४२० मतपत्रिका निघाल्या. मृतांच्या नावेही मते नोंदविलेली आढळली. कार्टरने पुरावे गोळा केले. अटलांटा जर्नलचा वार्ताहर जॉन पेनिंग्टन याने हे प्रकरण उजेडात आणले आणि चार्ल्स किर्बो या वकिलाने न्यायालयात बाजू मांडली. फेरमोजणीत जॉर्जटाउनची मते रद्द ठरून निकाल फिरला. अखेरच्या क्षणी न्यायालयाने मतपत्रिकांवरील नावे खोडून मतदारांनी उमेदवाराचे नाव स्वहस्ते लिहावे, असा आदेश दिला. तरीही नोव्हेंबरात कार्टर विजयी झाला.

जानेवारी १९६३ पासून दोन कारकीर्दी त्याने सीनेटमध्ये काम केले. शिक्षण हा त्याचा मुख्य विषय होता. कृष्णवर्णीयांना मतदानापासून वंचित ठेवण्यासाठी विचारल्या जाणाऱ्या क्लिष्ट प्रश्नांच्या प्रथेविरुद्ध तो सभागृहात बोलला. गव्हर्नरपदासाठी १९६६ मध्ये पराभूत होऊन १९७० मध्ये तो निवडून आला. मात्र १९७० च्या प्रचारात वंशविभक्ततावादी मतदारांना त्याने दुखविले नाही. सत्ताग्रहणप्रसंगी मात्र वंशभेदाचा काळ संपल्याचे त्याने जाहीर केले. या विसंगतीबद्दल त्याच्यावर टीका झाली.

राष्ट्राध्यक्षपदानंतर १९८२ मध्ये त्याने कार्टर केंद्र स्थापिले. या केंद्राने अनेक देशांतील निवडणुकांचे निरीक्षण केले. १९८९ मध्ये पनामातील मतमोजणीतील लबाडी कार्टरने स्वतः जाहीरपणे उघड केली. जॉर्जटाउनच्या अनुभवावर त्याने टर्निंग पॉइंट (१९९२) हा ग्रंथ लिहिला. त्याला २००२ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्लेन्स येथे तो निधन पावला.