पेशीपटलाचा शोध : खरें उत्तर आणि खोटा हिशेब

शास्त्राचा इतिहास म्हणजे बिनचूक पावलांची मालिका, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. पेशीपटलाच्या, म्हणजे प्रत्येक पेशीस वेढणाऱ्या अतिसूक्ष्म आवरणाच्या, शोधाची हकीकत पाहिली असतां तो टिकत नाहीं.

आमटीवरील तेलाचा तवंग कोणी पाहिला नाहीं? पाण्यावरील असे तवंग मोजण्याची युक्ति जर्मनींतील आग्नेस पोकेल्स ह्या बाईंनीं घरकाम सांभाळून शोधून काढली. विद्यापीठाचें शिक्षण त्यांस मिळालें नव्हतें. लॉर्ड रॅले ह्यांच्या शिफारशीनें त्यांचें पत्र १८९१ सालीं 'नेचर'मध्यें छापलें गेलें. अशा तवंगांत रेणूंचा एकच थर असून त्यांचीं जलप्रिय डोकीं पाण्यांत व स्निग्ध शेपट्या वर असतात, हें लँगम्यूर ह्यांनीं १९१७ सालीं दाखविलें.

१९२५ सालीं लायडेन येथील बालरोगतज्ज्ञ गोर्टर व त्यांचे सहकारी ग्रेंडेल ह्यांनीं तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य ॲसिटोननें काढून पाण्यावर पसरलें. त्यानें पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापिली. अर्थात् आवरण दुहेरी! डोकीं दोन्हीं बाजूंच्या पाण्याकडे, शेपट्या आंत एकमेकींकडे. निष्कर्ष खरा ठरला, परंतु हिशेब? सर्व स्निग्धांश ॲसिटोननें निघाला नव्हता, आणि वाळलेल्या पेशींवरून काढलेलें क्षेत्रफळही कमी भरलें होतें, हें १९६६ सालच्या फेरतपासणींत उघड झालें. दोन चुकांनीं एकमेकींस सांवरून धरलें होतें.

आतां उलट प्रकार पाहावा. पेशीचा पृष्ठताण तेलाच्या मानानें फार कमी भरतो. तेव्हां स्निग्ध थरावर दोन्हीं अंगांनीं प्रथिनांचा लेप असला पाहिजे, असें डॅनिएली व डॅव्हसन ह्यांनीं १९३५ सालीं मांडलें. तर्क सुसंगत होता, आणि कित्येक वर्षें तो मान्यही झाला. तरी चित्र चुकीचें होतें. १९७० सालीं फ्राय व एडिडिन ह्यांनीं माणसाची व उंदराची पेशी एकत्र जोडली, तों अवघ्या चाळीस मिनिटांत दोघींचीं पृष्ठप्रथिनें परस्परांत मिसळून गेलीं. चिकटलेला लेप असा कसा वाहील? १९७२ सालीं सिंगर व निकोलसन ह्यांनीं उत्तर दिलें कीं, स्निग्ध थर प्रवाही आहे. कित्येक प्रथिनें त्यांत रुतलेलीं, कांहीं तर आरपार गेलेलीं असून तीं बाजूस सरकूं शकतात. ह्या चित्रांत पुढें पुष्कळ भर पडली, पण मूळ रेषा टिकली.

ह्यावरून चूक हितकर असते, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. उत्तर जुळलें म्हणून रीत तपासल्यावांचून पूर्ण गुण देणारा परीक्षक विद्यार्थ्याचें हित करीत नाहीं. गोर्टर-ग्रेंडेल ह्यांचा दुहेरी थर आज मान्य आहे, तो त्यांच्या गणितामुळें नव्हे, तर क्ष-किरण व विद्युत्कणदर्शक ह्यांसारख्या निराळ्या वाटांनींही तोच आढळला म्हणून. सत्य हातीं लागणें ही एक गोष्ट, तें सिद्ध करणें ही दुसरी; आणि शास्त्राची खरी थोरवी दुसरींत आहे.