तेरा वाजून बारा मिनिटे

कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात घड्याळाची एकच वेळ आहे : १३.१२. ती ५ डिसेंबर १९६१ची. तिच्या मागे जाऊन दिवस मोजावे लागतात.

१९५६. खडकवासला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी या जागी येऊन जेमतेम दीड वर्ष झाले आहे. सलारिया तिथून बाहेर पडतात. पुढच्या वर्षी गोरखा पलटणीत अधिकारी.

११ जुलै १९६०. काँगो स्वतंत्र होऊन अकरा दिवस. तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत तिथले नेते मोइसे चोम्बे यांनी वेगळा जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांची फौज उतरली. पुढच्या वर्षी भारताची ब्रिगेड तिच्यात गेली. सलारियांची ३/१ गोरखा रायफल्सही.

२४ नोव्हेंबर १९६१. उरले ११ दिवस. सुरक्षा परिषदेने ९ विरुद्ध ० मतांनी ठराव केला : कटांगातले भाडोत्री परकीय सैनिक हटवा, गरज पडल्यास बळ वापरा. चोम्बे यांना तो मान्य नव्हता.

२८ नोव्हेंबर. उरले ७ दिवस. एलिझाबेथव्हिल शहरात (आजचे लुबुम्बाशी) संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी ब्रायन अर्कहार्ट यांना पळवून नेऊन बेदम मारले. त्याच रात्री एक भारतीय मेजर बेपत्ता झाला, त्याचा चालक मारला गेला. यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता हवा होता?

२९ नोव्हेंबर. उरले ६ दिवस. सलारियांना २६ वर्षे पूर्ण झाली.

डिसेंबरचे पहिले दिवस. कटांगाच्या जेंडार्मरीने, म्हणजे सशस्त्र दलाने, शहरातल्या मोक्याच्या चौकात रस्ता अडवला. संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय आणि विमानतळ यांच्यामधली वाट तुटली. मुख्यालयाला वेढा पडण्याची भीती होती.

५ डिसेंबर, मंगळवार. हुकूम आला : चौक मोकळा करा. बेत साधा होता. एक कंपनी दोन स्वीडिश चिलखती गाड्या घेऊन समोरून हल्ला करील. सलारिया विमानतळाच्या बाजूने येऊन शत्रूची वाट तोडतील. त्यांच्याकडे दोन सेक्शन, म्हणजे सोळा गोरखे, आणि माणसे नेणाऱ्या दोन स्वीडिश चिलखती गाड्या.

सोळा माणसे वाट अडवायला पुरतात. चढाईला पुरत नाहीत. पण चढाई त्यांच्या वाट्याला येणारच नव्हती.

दुपार. तुकडी चौकाच्या दिशेने निघाली. उजव्या अंगाला शत्रू खंदक खणून बसला होता. त्या ठाण्याचा कुणालाच पत्ता नव्हता. या दिवसाची एकच चूक शोधायची, तर मी इथे बोट ठेवीन.

१३.१२. चौक अजून १५०० यार्ड. उजवीकडून स्वयंचलित बंदुकांचा मारा सुरू झाला. समोर सुमारे ९० जण, दोन चिलखती गाड्या. भारतात तेव्हा ४ वाजून ४२ मिनिटे झाली होती.

पुढची मिनिटे कुणी मोजलेली नाहीत. सलारियांनी काय ताडले, ते मात्र मानपत्रात आहे : हा दुसरा, दुय्यम नाका आहे, ही माणसे चौकाकडे गेली, तर तिथली लढाई फिरेल. आडोसा घेऊन कुमक मागवता आली असती. पण तेवढ्यात हे ९० जण चौकात पोहोचले असते, आणि तिथे आपल्या कंपनीवर मागून तुटून पडले असते. सव्वीस वर्षांच्या माणसाने हा हिशेब गोळीबारात उभे राहून केला.

रॉकेट लाँचरने शत्रूच्या दोन्ही चिलखती गाड्या निकामी केल्या. मग संगिनी, खुकऱ्या, हातबॉम्ब घेऊन चढाई. सलारिया सर्वांत पुढे. शत्रूचे ४० मेले, उरलेले पळाले.

मानेत गोळ्यांची फैर लागली होती. तरी ते लढत राहिले. रक्त वाहून वाहून कोसळले, तेव्हाच थांबले.

चौक ताब्यात आला. मुख्यालयाला वेढा पडला नाही.

२१ डिसेंबर. चोम्बे यांनी किटोना येथे केंद्र सरकारचा अधिकार मान्य करणाऱ्या करारावर सही केली. सलारियांना जाऊन १६ दिवस झाले होते.

मृत्यूची वेळ मानपत्रात नाही. वय : २६ वर्षे ६ दिवस.