ओझरचे विमान आणि तपासनिसाची ग्वाही

कल्याणहून वाशिंदपर्यंतचा लोहमार्ग १८५५ साली सुरू झाला. हाच मार्ग पुढे थळघाट चढून नाशिककडे जातो. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली मिग-२१ विमानांचा कारखाना स्थापन झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती.

ह्या वाटणीतून एक प्रश्न उद्भवतो : दूर घडलेल्या भागाची ग्वाही कोणी द्यावयाची? भाग दारी आल्यावर मोजला म्हणजे त्याचा आकार कळतो. परंतु पोलादाला पाणी यथायोग्य दिले गेले की नाही, हे मापपट्टी सांगत नाही. त्यासाठी तपासनिसाला पुरवठादाराच्या भट्टीपाशीच जावे लागते. ह्या कामी कारखान्याच्या तपासनिसांखेरीज संरक्षण मंत्रालयाचे स्वतंत्र निरीक्षकही असत.

आरंभी जोडणीसाठी तयार भाग सोव्हिएत संघातून येत. १९७० साली कच्च्या मालापासून घडविलेले पहिले विमान वायुदलाच्या हाती आले. हा स्वावलंबनाचा टप्पा होय, ह्यात शंका नाही. पण त्याबरोबर ग्वाहीचे दायित्वही आपल्याकडे आले. म्हणून इतिहासकाराने केवळ विमानांची संख्या मोजून थांबू नये. नाकारलेल्या भागांच्या नोंदीही त्याने वाचावयास हव्यात. वैमानिकाचे प्राण त्यांवरच अवलंबून होते.