खडकी .303 काडतूस
पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनलेले ली-एन्फील्ड रायफलीचे लष्करी काडतूस (पहा : ली-एन्फील्ड रायफल). कारखाना 1869 चा. पितळी कोशाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे व वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. लष्करी साठ्यातून निकाली निघालेली ही काडतुसे परदेशांतील नेमबाजांपर्यंत पोचली.

जुन्या काडतुसांत कॉर्डाइट असे (पहा : कॉर्डाइट). प्राइमरमधील पोटॅशियम क्लोरेट जळून क्लोराइड उरते. ते हवेतील ओल धरते आणि नळी गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल लावावे लागते. चाप ओढल्यावर बार उशिरा उडणे हा काही साठ्यांतील दोष गंजापेक्षा घातक. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच रोखून थांबावे, बोल्ट लगेच उघडू नये. इशापूरच्या 7.62 मिमी. रायफली दिसायला .303 सारख्याच असल्याने नळीवरील खूण वाचूनच काडतूस भरावे.

भारतात .303 बोअर नागरिकांना निषिद्ध आहे. पाथरी तालुक्यातील परवानाधारकाला .315 बोअरची रायफल घेता येते; परवाना परभणीचे जिल्हादंडाधिकारी देतात (पहा : शस्त्र अधिनियम, 1959).